‘युअर नेम’च्या कितीतरी आधी

परवा ‘युअर नेम’ हा जपानी अॅनिमेशनपट बघून भाचीने विचारलं, "मामा, अंगं बदलायची कल्पना यांचीच का रे?"

नाही! यामानाका हिसाशी यांची जपानी किशोर कादंबरी त्याआधीची. एकाच वर्गातले काझुओ आणि काझुमी. एक मुलगा, एक मुलगी. अचानक शरीरंच बदलतात.

1982 मध्ये ओबायाशी नोबुहिको यांनी त्यावर ‘तेन्कोसेई’ हा चित्रपट काढला, स्वतःच्या ओनोमिची गावात. देवळाच्या दगडी पायऱ्यांवरून दोघं गडगडत खाली येतात आणि उठतात ती एकमेकांच्या अंगात! मला हा प्रसंग फार आवडतो. मंत्र नाही, यंत्र नाही.

आपल्या परकायाप्रवेशात योगी ठरवून दुसऱ्या देहात शिरतो. इथे मुलांना कोणी विचारतच नाही.

2007 मध्ये ओबायाशींनी हीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आणली.

अशी मराठी किशोर कादंबरी माहीत असेल तर नक्की सांगा.