न दिसणारा वाघ

टिपेश्वरच्या जंगलात वाघ दिसण्याआधी ऐकू येतो, आणि तेही दुसऱ्यांच्या तोंडून. झाडावरचं वानर खोकल्यासारखं ओरडतं, थोड्या वेळाने चितळाची टोकदार हाक येते, मग लांबून सांबराचा 'ढांक'. जिप्सीतला गाईड हात वर करून इंजिन बंद करायला लावतो. 'कॉल आहे,' एवढंच म्हणतो. त्यानंतर गाडीत कुणी बोलत नाही. समोर असतं काय? सागाची वाळलेली पानं, एक कोरडा नाला, पिवळं पडलेलं गवत. पुष्कळदा वाघ निघतच नाही. तरीही परत आलेली माणसं घरी सांगतात ती त्या थांबलेल्या मिनिटांची गोष्ट, पुढे हमरस्त्यावर सहज दिसलेल्या नीलगायीची नाही.

व्हिडिओ गेममधलं जग खरं का वाटतं, त्यात माणूस तासन्तास का हरवतो, याचं उत्तर शोधताना मी वारंवार या दीडशे चौरस किलोमीटरच्या जंगलाशी येऊन थांबतो. गेम विकणाऱ्या कंपन्या चित्राच्या स्पष्टतेच्या जाहिराती करतात. पानावरचा दवबिंदू दिसतो, घोड्याच्या अंगावरचा केस दिसतो. दिसतोही. पण माझं ठाम मत असं, की वातावरण तयार होतं ते खेळणाऱ्याला कान द्यायला, थांबायला आणि अंदाज बांधायला लावणाऱ्या जगात. सगळंच दाखवून टाकलं, की खेळणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही.

या मताला संशोधनाचा आधार आहे. एमिली ब्राउन आणि पॉल केर्न्स यांनी २००४ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. सातच खेळाडूंच्या मुलाखती, पण या विषयावर लिहिणारे आजही तिथूनच सुरुवात करतात. त्यांनी गुंतण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: आधी माणूस खेळाला वेळ देतो, मग त्याच्या भावना खेळात अडकतात, आणि शेवटी भोवतालचं भान सुटतं. या शेवटच्या पायरीपर्यंत पोचायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे पात्राबद्दल जिव्हाळा, दुसरी वातावरण. डोळ्यांबरोबर कानही कामाला लावावे लागले आणि डोकंही चालवावं लागलं, तर माणूस अधिक खोल जातो, असं त्यांचं निरीक्षण आहे. थोडक्यात, खेळणारा जेवढं लक्ष ओततो तेवढं ते जग भरत जातं. पुढे २००८ मध्ये शार्लीन जेनेट, केर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. काही जणांना 'हाफ-लाइफ' खेळायला दिला, काहींना पडद्यावरच्या चौकोनांवर नुसतं क्लिक करायला सांगितलं, आणि मग सगळ्यांना टँग्रॅमचं कोडं सोडवायला बसवलं. हाफ-लाइफ खेळलेल्यांना कोड्याकडे वळणं जड गेलं. शरीर खुर्चीत असलं तरी मन अजून तिकडेच होतं.

हे समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. यवतमाळच्या दत्त चौकात किंवा पांढरकवड्याच्या बसस्थानकात संध्याकाळी पोरांचा घोळका पाहावा. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून परतला, आणि आपल्याकडे तो साध्या मोबाइलवर खेळला जातो. पडदा तळहाताएवढा, त्यावर ओरखडे, चित्राची प्रत सगळ्यात खालची ठेवलेली, कारण फोन तापतो. पण कानात इअरफोन हवाच. 'डावीकडून येऊन राह्यला बे, वरच्या मजल्यावर हाये!' पोराला शत्रू दिसलेला नसतो. लाकडी फळीवर पडलेलं एक पाऊल त्याने ऐकलेलं असतं, आणि तेवढ्यावरून घराचा नकाशा, शत्रूचं अंतर आणि त्याचा इरादा हे सगळं त्याच्या डोक्यात उभं राहतं. शिवारात जागलीला जाणारा त्याचा आजा हेच करत आला. धुऱ्यावर टिटवी ओरडली तर कुणीतरी चालतंय. तुरीत पाला मोडल्याचा आवाज सलग आला तर रानडुकरं, थांबून थांबून आला तर रोही.

ध्वनीवरच सगळा डाव लावणारा खेळ १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लुकिंग ग्लास स्टुडिओने केला. त्याचं नाव 'थीफ'. त्यात तुम्ही चोर असता आणि लढाईत हमखास हरता, म्हणून अंधारातून, न वाजता जावं लागतं. फरशीवर पाऊल खणखणतं, गालिच्यावर दबतं. म्हणून शेवाळाचे बाण मारून फरशी मऊ करायची, पाण्याच्या बाणाने मशाल विझवायची. पहारेकरी तुमचा आवाज ऐकतो, तुम्ही त्याचं पुटपुटणं ऐकता. भिंतीपलीकडून येणारा आवाज कुठल्या दारातून वाट काढत आलाय, याचाही हिशेब त्या खेळात होता. आज त्यातली माणसं ठोकळ्यांची वाटतात, तरी दिवे मालवून खेळायला बसलं की श्वास आपोआप हळू होतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या सागाच्या जंगलात पायी फिरलेल्याला हे नव्याने सांगायला नको. सागाचं पान मोठं, जाड आणि वाळलं की पापडासारखं. अशा पाचोळ्यातून कुणालाही चोरपावलांनी जाता येत नाही. पहिला पाऊस पडला, की तेच पान भिजून गप्प होतं आणि जंगलाचा आवाजच बदलतो. आणि काळ्या मातीचं काय सांगावं? जुलैत पऱ्हाटीच्या वावरातून दहा पावलं टाकली, की चपलेला मातीचा थर चिकटतो, पाय उचलवत नाही, कास्तकार सरळ चपला हातात घेऊन चालतो. पाऊस पडला आणि चालणं बदललं नाही, तर ते जग खोटं, हे इथल्या लहान पोरालाही कळतं.

निन्टेन्डोच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ला २०१७ मध्ये जे यश मिळालं, त्याचं एक कारण इथेच आहे. त्यातली माणसं आणि झाडं कार्टूनसारखी रंगवलेली आहेत, हुबेहूबपणाचा आव नाही. पण पाऊस आला की कडा निसरडा होतो आणि चढणारा घसरतो. विजा चमकत असताना अंगावर धातूची तलवार असेल तर वीज तिच्यावर पडते. गवत पेटवलं तर गरम हवा वर चढते आणि तिच्यावर तरंगता येतं. संगीत बहुतेक वेळ नसतंच, मधूनच पियानोचे दोन-चार सूर, बाकी वारा. त्या जगाला स्वतःचे कायदे आहेत आणि ते तुमच्यासाठी वाकत नाहीत, म्हणून ते खरं वाटतं.

कमतरतेतूनही वातावरण तयार होतं. कोनामीचा 'सायलेंट हिल' १९९९ मध्ये आला तेव्हा प्लेस्टेशनला लांबवरचं शहर एकदम रेखाटणं झेपत नव्हतं. निर्मात्यांनी ती मर्यादा धुक्याने आणि काळोखाने झाकली. भयपटांनाही न साधलेली भीती त्या धुक्यात होती, कारण पाच हातांपलीकडे काय आहे हे खेळणाऱ्याला स्वतःच्या मनाने भरावं लागत होतं. डेन्मार्कच्या प्लेडेड स्टुडिओने 'लिम्बो' २०१० मध्ये नुसत्या काळ्या-पांढऱ्या सावल्यांत केला. त्यांच्याच २०१६ च्या 'इनसाइड'साठी ध्वनिकार मार्टिन स्टिग अँडरसन यांनी आवाज एका खऱ्या मानवी कवटीतून वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केले. आपला आवाज आपल्याला हाडांमधून जसा ऐकू येतो, तसा परिणाम त्यांना हवा होता. खेळताना कवटीबद्दल कुणाला काही ठाऊक नसतं, पण आवाज आपल्या डोक्याच्या आत आहे असं वाटत राहतं.

आपल्या मुलखात हे कुणी केलं का? केलं, पुण्यात. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आणला. त्याआधी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. त्यावरही मात करून तयार झालेल्या या खेळाला त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. राजी ही सर्कशीतली मुलगी, असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधत निघालेली. भिंती आणि कमानी हाताने रंगवलेल्या, पहाडी लघुचित्रांच्या वळणाच्या. गोष्टीचे दुवे छायाबाहुल्यांमधून उलगडतात. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी ही चामड्याच्या बाहुल्यांची कला जिवंत ठेवली आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला तो पडदा परका वाटत नाही. महालातली भित्तिचित्रं पाहायला राजीला थांबवलं, की दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत त्यांची कथा सांगतात. खेळ सर्वांत चांगला वठतो तो याच जागी. कॅमेरा मागे सरकतो, मुलगी मुंगीएवढी होते, महाल मोठा होत जातो, आणि कुणी लढायला येत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. लढाया फार, आणि त्या सुरू झाल्या की जपलेली शांतता विस्कटते. देवदेवता इंग्रजीत बोलल्या तेव्हा तर कानाला ठेचच लागली. सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले आणि फरक लगेच जाणवला. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओने 'मुक्ती'साठी याहून वेगळी वाट धरली. एका भारतीय संग्रहालयात फिरताना वस्तूंमधून मानवी तस्करीची गोष्ट उलगडायची, तलवारबाजी नाही.

वस्तूंनी गोष्ट सांगण्याच्या या तंत्रावर डिस्नेच्या करमणूक उद्यानांत काम केलेल्या डॉन कार्सन यांनी २००० मध्ये एक लेख लिहिला, गेम बनवणारे तो आजही वाचतात. जागा अशी मांडा की इथे काय घडलं ते पाहणाऱ्याने स्वतः ओळखावं, हा त्याचा गाभा. मला लगेच शकुंतला रेल्वे आठवते. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अडीच फुटी रुळांवरचा ११३ किलोमीटरचा मार्ग, वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रज कंपनीने टाकलेला. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन धावत होतं, मग डिझेल आलं, आणि आता गाडीच नाही. दारव्हा मोतीबागसारख्या स्थानकावर उभं राहिलं, तर फलाटाची बुटकी उंची, तिकिटाची खिडकी आणि रुळांत वाढलेलं गवत एवढ्यावरून एका काळाची सुरुवात आणि शेवट वाचता येतो. अशा स्थानकात कुठल्याही पात्राला तोंड उघडायची गरज पडणार नाही.

एक गोष्ट मात्र जपून बोलायला हवी. राळेगाव-पांढरकवडा भागाने २०१६ ते २०१८ या काळात न दिसणाऱ्या वाघिणीची भीती खरोखर भोगली. टी-१, म्हणजे अवनी. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. त्या दिवसांत कापूस वेचायला बाया घोळक्याने जात, अंधार पडायच्या आत गुरं गोठ्यात येत. ती भीती कुणाच्या करमणुकीसाठी नव्हती. उद्या कुणी त्यावर खेळ केलाच, तर बंदूक आणि निशाणा यांपासून सुरुवात करू नये. वेचणीला निघालेल्या बाईच्या कानापासून करावी.

याच टिपेश्वरचा एक तरुण नर वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि तेलंगणाच्या सीमेवरून, मराठवाडा-विदर्भाच्या शेतांमधून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याचा प्रवास नकाशावर ठिपक्यांत उमटला, एकूण तीन हजार किलोमीटरच्या वर. ठिपक्यांचा तो नकाशा अभ्यासकाला अनमोल. पण वाटेतल्या माणसांना ठिपका माहीत नव्हता, त्यांना ओल्या मातीतला पंजा माहीत होता. आजचे बरेच महागडे खेळ पडदा बाणांनी आणि खुणांनी भरून टाकतात, आणि खेळणारा जग सोडून खुणांमागे धावतो. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'ने यावर सुंदर तोड काढली. बाण काढून टाकला आणि वाट वाऱ्याला दाखवायला लावली. गवत वाकतं तिकडे जायचं.

यवतमाळच्या कुण्या पोरापोरींना असा खेळ करावासा वाटला, तर गोडो आणि ब्लेंडर ही साधनं आज फुकट मिळतात, आणि जागलीचा एका रात्रीचा खेळ दोन-तीन जणांत होण्यासारखा आहे. एक मचाण, एक बॅटरी, तुरीचं वावर आणि चार दिशांचे आवाज. मिळत नाहीत ते आवाज. परदेशी ध्वनिसंग्रहांत युरोपातलं घुबड मिळेल, पण पऱ्हाटीच्या बोंडांतून जाणारा वारा, डीपीवरच्या तारेची गुणगुण, रातव्याचं 'चक चक' आणि नाल्यापलीकडून कुणीतरी दिलेली 'हा... हा...' ही हाक कुठल्या यादीत असणार? ते इथेच, चांगला माइक घेऊन, महिन्या-महिन्याने मुद्रित करावे लागतील: शिमग्याच्या सुमाराला पानगळीचे, मृगात पहिल्या पावसाचे, कार्तिकात वेचणीचे. आमच्या महाविद्यालयांतल्या संगणक विभागांनी आणि वनविभागाने मिळून हे काम हाती घेतलं, तर पहिल्या मोसमाला फेब्रुवारी गाठता येईल, पाचोळा तेव्हा सर्वांत जास्त वाजतो.