देशव्यापी, अखिल भारतीय की भारतभर? लेबलवर नक्की काय लिहायचं



समजा तुमचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती उद्योग आहे आणि आता बेळगाव, इंदूरहून ऑर्डरी येऊ लागल्यात. लगेच हात शिवशिवतात. लेबलवर 'देशव्यापी' टाकू की 'पॅन इंडिया'? अर्थाने हे शब्द शेजारी-शेजारी आहेत, पण गिऱ्हाइकाला प्रत्येकातून वेगळं ऐकू येतं.

'देशव्यापी' म्हणजे देश व्यापून टाकणारं. तो संपाला, मोहिमेला शोभतो. मार्च २०२० मधलं लॉकडाऊन देशव्यापी होतं, मसाला तसा नसतो. 'राष्ट्रव्यापी' हा त्याचाच भाऊ, जरा हिंदी बातम्यांच्या वळणाचा. 'अखिल भारतीय' हा संस्थांचा शब्द. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२५ साली दिल्लीतही भरलं. उद्या व्यापाऱ्यांची संघटना काढलीत तर जरूर वापरा, चटणीच्या पाकिटावर मात्र हसू येतं.

सगळ्यात जपून वापरायचा तो 'राष्ट्रीय'. हा शब्द पसारा नाही, दर्जा सांगतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहून पश्चिम किनाऱ्याने कन्याकुमारीला जातो. विदर्भाशीही त्याचा संबंध नाही, तरी तो राष्ट्रीयच! त्यामुळे या शब्दाला सरकारी शिक्क्याचा वास येतो. कंपनीच्या नावात 'नॅशनल' घालायला केंद्र सरकारची मंजुरी लागते, ती उगाच नाही.

'पॅन इंडिया'तला 'पॅन' ग्रीक आहे, अर्थ 'सर्व'. पॅन कार्डाशी काही नातं नाही (हो, ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो). 'बाहुबली'नंतर सिनेमावाल्यांनी तो घरोघरी पोचवला. वितरकाला दाखवायच्या प्रेझेंटेशनमध्ये चालतो, पण पुढचा प्रश्न ठरलेला: "किती राज्यांत?" २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेशांपैकी तुमची तीनच असतील, तर तिथंच बोलती बंद. 'आसेतुहिमाचल' भाषणासाठी ठेवा.

माझं मत साध्या 'भारतभर'ला. गावभर, दिवसभर यांतलाच हा 'भर', कुणालाही कळतो. त्याला क्रियापद जोडा: 'भारतभर घरपोच पाठवतो.' म्हणजे आपण काय करतो ते कळतं, नुसता मोठेपणा राहत नाही.

पण हेही वचनच आहे बरं का. अंदमानच्या ऑर्डरला नाही म्हणालात, तर ते भारतभर राहिलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून जवळचा खड्डा जीएसटीचा. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर परराज्यात माल विकता येत नाही. नोंदणीच नसेल, तरी करपात्र माल परराज्यात विकण्याआधी ती करावी लागते, उलाढाल कितीही असो. हस्तकलेच्या वस्तूंसारखे काही अपवाद आहेत. म्हणून लेबल छापायला टाकण्याआधी सीएला एक फोन करा आणि तुमचा कुरिअरवाला कुठल्या पिनकोडला जात नाही त्याची यादी मागून घ्या. तिथे स्पीड पोस्टने पाठवता येईल का, तेही बघा.

हे जुळेपर्यंत 'महाराष्ट्र, कर्नाटक व मध्य प्रदेशात घरपोच' एवढंच छापा. ओळ लांब होते, पण इंदूरच्या गिऱ्हाइकाला त्यात आपलं राज्य नावानिशी दिसतं.