‘न्यूज’चे चार दिशांशी नाते किती?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून, शाळेतल्या फळ्यांवरून आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवरून एक माहिती वर्षानुवर्षे फिरते आहे. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ यांची आद्याक्षरे जुळवून ‘न्यूज’ हा शब्द तयार झाला, कारण बातम्या चारही दिशांकडून येतात. हे इतके चपखल बसते की पुरावा मागावा असे कुणाला वाटतच नाही. पुरावा आहे, आणि तो सगळा दुसऱ्या बाजूचा आहे. ‘न्यू’ म्हणजे नवा, या विशेषणाचे अनेकवचन म्हणजे ‘न्यूज’. ‘नव्या गोष्टी’ हा त्याचा मूळ अर्थ.

मध्ययुगाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत रुळला. त्या काळी इंग्लंडच्या राजदरबारावर फ्रेंचची छाप होती आणि विद्वान लॅटिनमध्ये लिहीत. फ्रेंच लोक वार्तांना ‘नूव्हेल’ म्हणत, लॅटिनमध्ये ‘नोव्हा’ हा शब्द होता, आणि हे दोन्ही शब्द ‘नवा’ या विशेषणाच्या अनेकवचनातूनच आलेले. इंग्रजीने तोच साचा उचलला. शब्द अनेकवचनी असल्याचे भान लोकांना पुढेही बराच काळ होते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लेखनात त्याच्यासोबत ‘इज’ आणि ‘आर’ ही दोन्ही क्रियापदे भेटतात. स्पेलिंगही तेव्हा ठरलेले नव्हते. शेवटच्या ‘एस’च्या आधी कुणी ‘ई’ लिही, कुणी ‘आय’, कुणी ‘वाय’. आद्याक्षरांचा सिद्धांत खरा मानायचा, तर या जादा अक्षराची पाचवी दिशा कोणती, हे आधी सांगावे लागेल.

शेजारच्या भाषा पाहिल्या की उरलीसुरली शंकाही फिटते. डच भाषेत बातम्यांना ‘न्यूव्स’ म्हणतात आणि तो शब्द ‘नवा’ यापासूनच झाला आहे; डच दिशांची आद्याक्षरे जुळवून तो काही केल्या तयार होत नाही. रशियन ‘नोवोस्ती’ची व्युत्पत्तीही तशीच. आपला ‘नव’, लॅटिन ‘नोवुस’ आणि इंग्रजी ‘न्यू’ हे तर एकाच प्राचीन मुळाचे वंशज आहेत. शिवाय इंग्रजी माणूस दिशा मोजताना सहसा नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट असा क्रम धरतो. ‘न्यूज’ जुळावा म्हणून तो क्रम मोडावा लागतो, यातच गोम आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. ‘रडार’ आणि ‘लेझर’ आद्याक्षरांतूनच जन्मले ना? आणि ‘ओके’? बरोबर, पण ‘रडार’ आणि ‘लेझर’ विसाव्या शतकातले आहेत. अशा शब्दांना इंग्रजीत ‘अ‍ॅक्रोनिम’ हे नावही त्याच शतकात मिळाले, आणि ही पद्धत फोफावली तीही तेव्हाच. ‘ओके’ थोडा जुना आहे. ‘ऑल करेक्ट’ मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्याची अक्षरे घेण्याचा तो थट्टेचा प्रकार. 23 मार्च 1839 च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो छापलेला सापडतो. ‘ओके’बद्दलही भाराभर दंतकथा होत्या. अ‍ॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने 1960 च्या दशकात जुनी वर्तमानपत्रे चाळून त्यांचा निकाल लावला. म्हणजे प्रश्न आद्याक्षरांतून शब्द होऊ शकतो का, हा नाहीच. तो झाल्याचा त्या काळचा लेखी पुरावा आहे का, हा आहे. ‘ओके’कडे तो आहे, ‘न्यूज’कडे नाही.

मग चार दिशांची कल्पना आली कुठून? 1640 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या विनोदी पद्यांच्या एका संग्रहात ही कोटी आढळते. तोवर शब्द दोनेक शतके वापरात होता. कवीने गंमत केली, पुढच्यांनी ती व्युत्पत्ती म्हणून गळी उतरवली. काही वृत्तपत्रांनी आपल्या नावाशेजारी दिशादर्शक चक्र छापले, तेही या कोटीला धरूनच. त्याला पुरावा म्हणणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपणे.

मराठीतले प्रतिशब्द मात्र नवेपणाच्या वाटेने गेलेले नाहीत. ‘वृत्त’, ‘वार्ता’ आणि ‘वर्तमान’ यांचा धातू एकच, त्यामुळे त्यांचा रोख घडण्यावर आहे. पेशवेकालीन पत्रांत ‘इकडील वर्तमान’ म्हणजे इकडची हकिकत. ‘वर्तमानपत्र’ आणि ख्रिस्ती परंपरेतले ‘शुभवर्तमान’ यांतही हाच अर्थ आहे, व्याकरणातल्या काळाशी त्यांचा संबंध जोडू नये. ‘खबर’ अरबीतून फारसीमार्फत आली. ‘खबर घेणे’ आणि ‘समाचार घेणे’ या दोहोंना मराठीत खरडपट्टीचाही अर्थ का चिकटला, हा वेगळ्या लेखाचा विषय. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी सगळ्यांत जवळ जाते ते आपले रोजचे ‘काय नवीन?’. आणि ‘एक न्यूज आली’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो, कारण मराठीत ती ‘बातमी’सारखी स्त्रीलिंगी एकवचनी झाली आहे, इंग्रजीत मात्र आजही या शब्दाआधी ‘अ’ हे उपपद लावता येत नाही.