गोळ्यांची उलटतपासणी

चंडीगडच्या पीजीआयमध्ये त्वचारोग विभागात निवासी डॉक्टर असताना लिंगाच्या टोकावरची जखम दाखवायला येणारे पुरुष मी पाहिले. बहुतेकांचे उपाय आधीच करून झालेले असत: मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब, बुरशीची गोळी, अँटिबायोटिकचा कोर्स. तरी आग कमी होत नसे. मनात गुप्तरोगाची धास्ती, घरी अवाक्षर काढलेलं नसे.

"कोई दवाई खाई थी?" विचारलं, की उत्तर यायचं, "नहीं जी." ते खोटं बोलत नसत. जुलाबाची, तापाची, दाढदुखीची गोळी माणसं औषधात धरतच नाहीत. म्हणून एकेक दुखणं काढून विचारायचं, पिशवीतल्या रिकाम्या पट्ट्या टेबलावर ओतायला लावायच्या. 'मागच्या वेळीही इथंच झालं होतं' असं कळलं, की गोळीवरचा संशय पक्का होऊ लागे.

औषधामुळे दर वेळी त्याच जागी उठणाऱ्या अशा चट्ट्याला 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतात. पहिल्या वेळेनंतर त्या जागेच्या त्वचेत काही टी-पेशी मुक्काम करून राहतात. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की काही तासांत तिथंच दाह उसळतो. को-ट्रायमोक्सॅझोल, टेट्रासायक्लिन, ऑर्निडॅझोल, वेदनाशामकं हे नेहमीचे संशयित. कुठल्या औषधाचा चट्टा शरीरावर कुठे उठतो, याचा अभ्यास विनोद शर्मा, संदीपन धर यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला होता.

दाह रेंगाळतो तो अनेकदा उपचारामुळेच. गुप्तरोग समजून दिलेली डॉक्सिसायक्लिन किंवा बुरशीसाठी दिलेली फ्लुकोनॅझोलही हाच चट्टा उठवू शकते. जखम बरी होईना म्हणून आणखी गोळ्या वाढवणं मला म्हणूनच फार धोक्याचं वाटतं.

उपचार म्हणजे आधी संशयित औषध बंद. हर्पीस नाही याची खात्री झाल्यावर थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड मलम. धुवायला साधं पाणी, वर व्हॅसलीन. साबण आणि डेटॉल वर्ज्य. तरीही लाली हटली नाही तर खरवड काढून बुरशी पाहायची, रक्तातली साखर, सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी करायची. काही आठवडे उलटूनही जखम तशीच असेल तर बायॉप्सी टाळू नये. तिथं कर्करोगपूर्व बदलही असू शकतो. मागे उरणारा काळा डाग मात्र महिनोन्‌महिने टिकतो आणि त्याला औषध लागत नाही, हे रुग्णाला आवर्जून सांगावं लागतं.

शेवटी रुग्णाच्या हाती एक कार्ड. त्यावर चट्टा उठवणाऱ्या औषधाचं ब्रँडचं नव्हे, मूळ नाव, कारण तेच औषध दुकानात अनेक नावांनी मिळतं. ते खिशात ठेवायचं आणि दातांच्या डॉक्टरांनाही दाखवायचं.