टाईलची पारख : टिचकी, तराजू आणि पाणी

लातूर-नांदेडकडे घराघरांत पूर्वी शहाबादी फरशी असे. आता तिची जागा बऱ्याच ठिकाणी सिरॅमिक टाईलने घेतली आहे. शहाबादी हा चुनखडीचा नैसर्गिक दगड; टाईल म्हणजे भाजलेली माती. म्हणून तिची पारख माठासारखीच करावी.

माठ घेताना आपण टिचकी मारतो. टाईलही बोटांवर तोलून धरा व टिचकी मारा. आवाज खणखणीत आला तर ती नीट भाजलेली आहे. बद्द आला तर आत तडा असण्याचा संभव आहे.

असे का होते? टाईलमध्ये माती, गारेची भुकटी व फेल्डस्पार असतात. भट्टीत सुमारे 1200 अंश सेल्सिअसला फेल्डस्पार वितळून काचेसारखा रस होतो आणि कणांमधील छिद्रे भरतो. छिद्रे जितकी कमी, तितकी टाईल मजबूत.

ही छिद्रे वर्गातही मोजता येतात. टाईलचा कोरडा तुकडा तोला, 24 तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. समजा, 400 ग्रॅमचे 448 ग्रॅम झाले, तर शोषण 48 ÷ 400 × 100 = 12 टक्के. भारतीय मानक आयएस 15622 मध्ये टाईलचे गट याच शोषणावरून पाडले आहेत. 10 टक्क्यांहून अधिक शोषणारी टाईल भिंतीची, 0.5 टक्के किंवा कमी शोषणारी व्हिट्रिफाइड. भिंतीची टाईल वाईट नव्हे. छिद्रांमुळे सिमेंट तिला घट्ट धरते. पण स्वस्त व चकचकीत म्हणून ती जमिनीला लावली, तर जड कपाटाखाली फुटते आणि ओली झाली की पाय घसरतो. म्हणून न्हाणीघराची टाईल दुकानातच ओली करून पायाने घासून पाहा.

दोन टाईल तोंडाला तोंड लावून ठेवा. डुलल्या तर वाकड्या आहेत. दोन्ही कर्ण दोरीने मोजा. ते सारखे हवेत. सर्व खोक्यांवरील बॅच क्रमांक व रंगछटा एकच असावी. नमुन्यावर वाळू घासा. वाळूतील गारेची कठीणता 7, झिलईची बहुधा त्याहून कमी. ओरखडे लगेच उठले तर ती टाईल अंगणालगतच्या खोलीत नको.

एवढे करूनही टाईल तडकली तर? तडा अनेक टाईलमधून सरळ गेला असेल, तर दोष बहुधा पायाचा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तेव्हा दुकानदाराशी भांडण्याआधी खालचा मुरूम नीट चोपला होता का, ते गवंड्याला विचारावे.