वाडी गुंठ्यांची, हिशेब हेक्टरचा

निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या बागायतदाराच्या हाती किती पैसे पडणार, हे सरकारी मोजमापावर ठरत होतं.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग या तालुक्यांत आज्या-पणज्यांनी शिंपून वाढवलेल्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. भात गेलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावता येतं. सुपारीच्या नव्या रोपाला फळ धरायला मात्र पाच-सात वर्षं लागतात.

५ जूनला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी अलिबागला येऊन रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली. असा पैसा येतो कुठून आणि वाडीपर्यंत पोचतो कसा, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

पैसा कोणाचा?

राज्याचे कर आणि राज्याने काढलेलं कर्ज संचित निधीत जमा होतं. त्यातला रुपया विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय खर्च करता येत नाही. आपत्तीत हाताशी पैसा असावा म्हणून आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार राज्य आपत्ती प्रतिसाद निधी वेगळा ठेवला जातो. महाराष्ट्रासाठी त्यात ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. २०२०-२१ साली हा निधी ४,२९६ कोटींचा होता. पैकी ३,२२२ कोटी केंद्राचे.

या निधीतून किती द्यायचं, याचे निकष केंद्र ठरवतं. फळबागेसाठी तेव्हाचा दर होता हेक्टरी १८,००० रुपये, तोही दोन हेक्टरांपर्यंतच. राज्याने तो ५०,००० केला. पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून दीड लाखावर नेली. निकषापेक्षा वाढवलेली अशी रक्कम राज्याला स्वतःच्या तिजोरीतून भरावी लागते. म्हणून जाहीर झालेली वाढीव मदत हा अर्थसंकल्पावरचा नवा बोजा असतो आणि त्याची तरतूद झाली का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

हेक्टर की झाड?

वाढीव दरानेही वाडीवाल्याचं समाधान होईना, कारण दर हेक्टरचा होता आणि वाडी गुंठ्यांची. दहा गुंठ्यांना हेक्टरी ५०,००० च्या हिशेबाने मिळतात साधारण ५,००० रुपये. पडलेली झाडं तोडून वाडी साफ करायची मजुरीही त्यात भागत नाही. शिवाय नारळाखाली सुपारी, सुपारीखाली जायफळ आणि खोडावर चढलेली मिरी अशी आमची शेती एकाच जमिनीवर थरांनी उभी असते. हेक्टरच्या मापात हे थर दिसतच नाहीत.

बागायतदारांनी झाडानुसार मदतीची मागणी लावून धरली. अखेर राज्याने नारळाच्या झाडाला २५० आणि सुपारीच्या झाडाला ५० रुपये दर ठरवला. समजा, दहा गुंठ्यांत १५ नारळ आणि १२० सुपाऱ्या पडल्या, तर झाडांच्या हिशेबाने मिळतात ९,७५० रुपये. रक्कम जवळपास दुप्पट झाली, तरी वर्षानुवर्षं उत्पन्न देणाऱ्या सुपारीची किंमत ५० रुपये ही भरपाई म्हणता येणार नाही. सरकारी भाषेतही ती मदतच आहे.

कागद कोणाच्या नावावर?

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामा करतात, मग पैसे बँक खात्यात जमा होतात. इथे आमची दुसरी अडचण उभी राहते. सातबारा सामायिक, त्यावर दहा-बारा नावं, निम्मी माणसं मुंबईत. सगळ्यांची संमतीपत्रं गोळा होईपर्यंत वाडी राखणारा हात चोळत बसतो. वारसनोंदी आणि वाटण्या वेळेत करून घेणं ही म्हणूनच आपत्तीची पूर्वतयारी आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ पासून राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के हिस्सा धोका आधीच कमी करण्यासाठी राखून ठेवला. किनाऱ्यावर सुरूची राई, भूमिगत वीजवाहिन्या आणि पक्के निवारे त्यातून उभे राहायला हवेत. आणि निसर्गनंतर मागून घ्यावा लागलेला झाडाचा हिशेब केंद्राच्या निकषांतच लिहिला गेला पाहिजे. पुढच्या वादळानंतर तो पुन्हा मागायची वेळ आमच्या वाडीवाल्यावर येऊ नये.