गाडी थांबते कशानं?

ब्रेक दाबला की गाडी थांबते, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की गाडीच्या वेगाचं पुढं काय झालं, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. तो उष्णतेत जातो. दीड हजार किलो वजनाची मोटार ताशी २०० किलोमीटर वेगानं धावत असताना ब्रेक लावून थांबवली, तर निघणाऱ्या उष्णतेत सात लिटर साधं पाणी उकळीला येईल. ही सगळी धग पाच-सहा सेकंदांत चाकांमागच्या चार थाळ्यांमध्ये, म्हणजे डिस्कमध्ये, शिरते. शिवाय वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

माझे अब्बा मालट्रक चालवत. घाट उतरताना तापलेल्या लायनरचा करपट वास मला लहानपणापासून ठाऊक आहे. घाटात ‘ब्रेक गेला’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा काहीच तुटलेलं नसतं. ब्रेक तापून दमलेला असतो.

हे सगळं नव्यानं वाचायची वेळ आली ती भाच्यामुळं. तो जर्मनीत, श्टुटगार्टला नोकरी करतो. तिथं त्यानं एक जुनी पोर्श ९११ घेतली आणि वर्षातून चार-पाचदा तो ती न्यूरबुर्गरिंगला नेतो. हा डोंगरातला २०.८ किलोमीटरचा शर्यतीचा मार्ग आहे. ठरावीक दिवशी पैसे भरून तिथं कुणालाही आपली गाडी पळवता येते. एके दिवशी धाकट्या बहिणीचा मला फोन आला, “भाईजान, पोरगा घरासाठी साठवलेले पैसे ब्रेकला घालतोय. कार्बन सिरॅमिक का काय म्हणतात ते. जिवाचा प्रश्न आहे म्हणतो, मग नको तरी कसं म्हणू?” मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. ब्रेकशी संबंध असलाच तर ओळीतल्या यतीपुरता. पण बहिणीचा प्रश्न बिनतोड होता.

सिरॅमिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कपबशी येते. हा प्रकार वेगळा. कार्बनच्या तंतूंचे बारीक तुकडे राळेत कालवून साच्यात दाबतात. मग ही थाळी हवाबंद भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजली की राळेचाही कार्बन होतो आणि थाळी सच्छिद्र बनते. त्यानंतर तिच्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवतात. सिलिकॉन १,४१४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यावरून भट्टीची कल्पना यावी. सिलिकॉन आणि कार्बन यांचा संयोग होऊन सिलिकॉन कार्बाइड तयार होतं. धार लावायच्या दगडात असतं तेच हे, हिऱ्याच्या खालोखाल कठीण पदार्थांत मोडणारं.

याआधी निव्वळ कार्बनचे ब्रेक होतेच. काँकॉर्ड विमानाला ते होते आणि शर्यतीच्या गाड्यांनीही ते उचलले. पण ते गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाहीत. सकाळी गाडी फाटकाबाहेर काढताच समोर पोर आलं, तर असला ब्रेक काय कामाचा? सिरॅमिकनं ही अडचण बरीचशी दूर केली. २००१ साली पोर्शनं ९११ जीटी२ या गाडीला असे ब्रेक कारखान्यातूनच बसवले. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर त्यांनी पिवळा रंगवला आणि तो पिवळा रंगच श्रीमंतीची खूण होऊन बसला. माझ्या मते निम्मे गिऱ्हाईक त्या रंगाचे आहेत.

आता मुद्द्याचं. या ब्रेकनं गाडी कमी अंतरात थांबते का? एकदाच जोरात ब्रेक लावायचा असेल, तर जवळजवळ नाही. चांगल्या स्थितीतला साधा बिडाचा ब्रेकसुद्धा चाक जागीच अडवण्याइतकी ताकद देतो. म्हणून तर चाक अडू नये यासाठी एबीएसची यंत्रणा लागते. गाडी कुठं थांबणार हे शेवटी टायरची रस्त्यावरची पकड ठरवते. सिरॅमिकचा फायदा दिसतो तो दहाव्या-पंधराव्या ब्रेकला. साधा ब्रेक तोवर दमत आलेला असतो, हा पहिल्यासारखाच धरतो. शिवाय त्याची डिस्क बिडाच्या डिस्कच्या जवळपास निम्म्या वजनाची असते. स्प्रिंगखालचं हे वजन घटलं की चाक खाचखळग्यांतून चपळाईनं वरखाली होतं. ती गंजत नाही आणि रिमवर काळी भुकटीही फारशी बसत नाही.

उष्णता मात्र तेवढीच निघते. ती पॅडकडं, कॅलिपरकडं आणि त्यातल्या ब्रेक ऑइलकडं सरकते, आणि खरा धोका इथं आहे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मानकाची अट १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत बुडबुडे होतात, पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यात वाया जातो आणि पेडल जमिनीला टेकतं. अशा वेळी डिस्क बिडाची आहे की सिरॅमिकची, याला काही अर्थ उरत नाही. ऑइल बदलायला मात्र डिस्कच्या किमतीचा अगदी क्षुल्लक भाग पुरतो.

आणि किंमत! एकेक डिस्क काही हजार युरोंना पडते. नुसती डिस्क बदलून भागत नाही; पॅड वेगळे लागतात, बहुधा कॅलिपरही, आणि मोठी डिस्क रिममध्ये मावायला हवी. जर्मनीत असा बदल तपासून मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा ठरू शकतं. चाक बदलताना रिम निसटून डिस्कच्या कडेवर आपटली तर टवका उडतो, म्हणून मेकॅनिक आधी एक लांब खुंटी बसवतात आणि तिच्यावरून चाक सरकवतात.

झीज ओळखायची रीत तर मला फार आवडली. बिडाची डिस्क घासून पातळ होते, ती जाडीवरून कळते. ही डिस्क मात्र घासण्यापेक्षा जळून संपते. कार्बन हा कोळशाचाच भाऊबंद. हवेत चार-पाचशे अंशांपुढं तो हळूहळू जळू लागतो. रोजच्या रस्त्यावर एवढा ताप होत नाही, म्हणून तिथं या डिस्क वर्षानुवर्षं टिकतात. शर्यतीच्या मार्गावर तो वारंवार होतो. जाडी तेवढीच राहते, पण वजन घटतं. म्हणून पोर्शच्या डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं, आणि गॅरेजवाला ती सोनारासारखी काट्यावर ठेवून बघतो. म्हणूनच शर्यतीच्या मार्गावर नियमित जाणारे कित्येक मालक कारखान्यातून आलेल्या सिरॅमिक डिस्क काढून खोक्यात जपून ठेवतात आणि बिडाच्या घालून पळतात.

हे सारं भाच्याला सांगितलं. तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, “मामू, वापरलेला संच स्वस्तात मिळतोय.” मी म्हटलं, विकणाऱ्याला चारही डिस्कचं आजचं वजन विचार आणि वर कोरलेला आकडाही पाठवायला सांग. त्यानं विचारलं. उत्तरादाखल पिवळ्या कॅलिपरचे सहा फोटो आले. वजन आलं नाही.

ऑइल, पॅड आणि चार टायर त्यानं बदलून घेतले. बहिणीला मी फोन करून खर्चाचा आकडा सांगितला, तेव्हा तिनं तो दोनदा विचारून खात्री करून घेतली.